डबा सजवायचा तर आधी खिडक्या बघ

रेल्वेच्या डब्याच्या मॉडेलचं किट उघडलंस की लगेच गोंदाला हात लावू नकोस. आधी रत्नागिरी स्टेशनात जा, उभ्या गाडीचे भरपूर फोटो काढ. जुना आयसीएफ आणि नवा एलएचबी या डब्यांच्या दोन प्रकारांतला फरक तिथे नीट दिसेल. आयसीएफचा सांगाडा 21.3 मीटरचा, म्हणजे एचओत (1:87 या मॉडेलच्या मापात) साधारण 245 मिलिमीटर. एलएचबी त्याहून लांब. किटमधली बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, नक्की कोणत्या डब्याची, तेही तपासून घे.

खरी मजा खिडक्यांत. साच्यातले जाड गज कापून काढ आणि बारीक पितळी तार आडवी लाव. संकटकालीन खिडकीला गज नसतात, तिथे लावून बसशील! दाराजवळच्या दांड्यांना 0.4 मिमीचं भोक, 0.3 ची तार. काचेला सुपरग्लू अजिबात नको, वाफेने ती धुरकट होते. पांढरा पीव्हीए गोंद बरा.

आपल्याकडे भर पावसाळ्यात स्प्रे मारू नये, रंगावर पांढुरका थर येतो. पितळ साबणाने धुऊन, वाळवून लगेच प्रायमर दे; खारी हवा कुणासाठी थांबत नाही. बोगीवर जांभ्याची तांबूस धूळ हलकीच मार. आतली बाकं रंगवण्यात मात्र फार वेळ घालवू नकोस, गजांआड बघतंय कोण?