आधी भिंत, मग गोष्ट

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन अजिंठ्याला जातो आहोत. यांचं म्हणणं, इतिहास वाचून गेलं नाही तर काही कळणार नाही. मला वाटतं, चित्र चांगलं असेल तर ते बघताक्षणी भिडलं पाहिजे. कोण बरोबर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा वाद सोळा क्रमांकाच्या लेण्यात नेऊन सोडवा. तिथे एक स्त्री आसनावर कलली आहे. मान ढळलेली, पापण्या मिटत आलेल्या. मागून दासीने तिला सावरलंय, दुसरी वारा घालतेय. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या नकला करत होते. या चित्रातल्या करुणेने ते भारावले आणि ही बाई शेवटच्या घटका मोजते आहे असं त्यांनी धरलं. ‘मरणासन्न राजकन्या’ हे नाव आजही गाइडांच्या तोंडी आहे.

पण ती मरत नाहीये. ती सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. संस्कृत कवी अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात नंद तिला सांगून निघतो की तुझ्या गालावरचा ओला लेप वाळायच्या आत परत येतो. तो येत नाही; बुद्ध त्याला भिक्षू करतो. चित्रात सेवक नंदाचा मुकुट घेऊन आलाय, फक्त मुकुट. तो पाहून ती कोसळते.

म्हणजे दुःख ग्रिफिथ्सनी बिनचूक ओळखलं, कारण चुकलं. तेवढ्यापुरत्या तुम्ही बरोबर. पण कारण कळलं की चित्र पालटतं. हा विहार आहे, घरदार सोडून आलेले भिक्षू इथे राहत. त्यांच्याच भिंतीवर मागे राहिलेल्या बायकोचं कोसळणं रंगवलंय आणि तिला हा घाव दिलाय तो खुद्द बुद्धाने. ‘राजकन्येचं मरण’ म्हणून बघताना हा पेच हाताला लागतच नाही. इथे तुमचे यजमान बरोबर.

तेव्हा वाचून जा, पण नेमकं वाचा. इथे तेव्हा राज्य करणाऱ्या वाकाटक राजांची वंशावळ पाठ करून भिंतीवरचं काहीही उलगडत नाही. त्याऐवजी मुलांना पाच गोष्टी सांगून ठेवा : नंद-सुंदरी (लेणं १६), सहा सुळ्यांचा छद्दन्त हत्ती (१० आणि १७), दानशूर विश्वंतर आणि सिंहल व्यापारी (दोन्ही १७), महाजनक (१). रोज रात्री एक, पाच रात्रींत काम होतं.

दुसरी तयारी वाचण्याच्या पद्धतीची. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आपण कॉमिक्ससारखी डावीकडून उजवीकडे चौकट शोधतो आणि इथे चौकटीच नाहीत. एकच माणूस एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. प्रसंग बऱ्याचदा काळाच्या क्रमाने नाही, तर जागेनुसार लावलेत : राजवाड्यात घडलेलं सगळं एकीकडे, अरण्यातलं दुसरीकडे, मग ते आधीचं असो की नंतरचं. म्हणून आधी जागा ओळखा. खांब आणि छप्पर दिसलं की महाल, झाडं आणि खडक दिसले की रान. मग नायक शोधा आणि तो किती वेळा येतो ते मुलांना मोजू द्या.

क्रमांकांनीही फसू नका. ते डोंगराच्या कडेने ओळीने दिलेत, काळाशी त्यांचा संबंध नाही. सर्वांत जुन्यांपैकी असलेलं लेणं दहावं आहे, इसवी सनापूर्वीचं. पहिलं त्याच्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी खोदलं गेलं. जमल्यास थेट दहाव्यात शिरा, मग १६ आणि १७, मग २६, आणि परतताना २ आणि १. दहाव्यातला स्तूप साधा आहे, त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. सव्वीसमधल्या स्तूपावर बुद्ध कोरलेला आहे. पहिल्या खोदकामाच्या काळात बुद्ध माणसाच्या रूपात दाखवत नव्हते, दुसऱ्या काळात दाखवू लागले. हा बदल कुठल्याही पुस्तकापेक्षा या दोन स्तूपांमधून लवकर कळतो.

बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर निदान पाच मिनिटं काही न बघता उभे राहा. डोळे अंधाराला सरावले नाहीत तर भिंत नुसती तपकिरी दिसते आणि लोक ‘काही उरलेलं नाही’ म्हणत बाहेर पडतात. सोमवारी लेणी बंद असतात.

प्रश्न : पहिल्या लेण्यातलं चित्र पुलकेशीच्या दरबारातल्या इराणी वकिलातीचं, असं शाळेत शिकलो. आता ते चूक म्हणतात. मग कुठल्या इतिहासावर भरवसा ठेवायचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : १८७९ मध्ये वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी हा संबंध जोडला. दरबारात दाढीवाले, उंच टोप्यांचे परदेशी दिसतात. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि इराणचा बादशहा दुसरा खुस्रो यांच्यात दूतांची ये-जा झाल्याचा उल्लेख अरबी इतिहासात सापडतो. झालं, दोन्हींची गाठ मारली. छतावरच्या मद्यपानाच्या चित्रात खुस्रो आणि त्याची राणी शिरीनही दिसू लागले.

अडचण काळाची. पुलकेशीची कारकीर्द ६१० ते ६४२. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. दीडेकशे वर्षांची फारकत आहे. शिवाय आजूबाजूच्या भिंती बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांनी भरल्या असताना मधेच समकालीन राजकारण कशाला येईल? या चित्रांचे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी हा दरबार अशाच एका पूर्वजन्माच्या, महासुदर्शन राजाच्या कथेतला असल्याचं दाखवलं.

भरवसा ठेवण्याची कसोटी साधी आहे. बाहेरून आणलेल्या माहितीला त्याच भिंतीवर, त्याच लेण्यात जोड मिळते का ते बघा. सुंदरीच्या कथेला मुकुटाची साक्ष आहे. पुलकेशीच्या बाजूने फक्त टोप्या आहेत, आणि टोपीवाले परदेशी व्यापारी या भागाला नवे नव्हते. आपल्या मातीतला राजा चित्रात असावा ही हौस मात्र समजण्यासारखी आहे.

प्रश्न : चित्रांचा पिवळट, मातकट रंग मुळातलाच आहे का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : थोडा मुळातला, बराचसा आपल्या पिढ्यांनी चढवलेला. खडकावर माती, वाळू, तूस, गवताचे तंतू कालवून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो कोरडा झाल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्र काढलं. ओल्या चुन्यावर रंगवणाऱ्या युरोपीय भित्तिचित्रांसारखा इथला रंग गिलाव्यात मुरलेला नाही, तो वर बसलेला आहे. पाणी लागलं की सुटतो. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना ही सामग्री तशी साधी. निळ्या रंगाचा लाजवर्द दगड तेवढा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. तो नंतरच्या लेण्यांत दिसतो.

नकला करणाऱ्यांनी चित्रं उठावदार दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश फिरवलं. पुढे १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे पक्के केले आणि वर लाखेचा थर दिला. लाख जुनी होताना पिवळी पडते, काजळी आणि धूळ धरून ठेवते, आकसताना खालचा रंगही ओढते आणि जितकी जुनी तितकी काढायला कठीण होते. म्हणून निळं आभाळ हिरवट दिसलं तर चित्रकाराच्या मनातला अर्थ शोधू नका. चित्र काढून झाल्यानंतर त्याचं काय झालं, हाही संदर्भच आहे.

प्रश्न : गायतोंडे यांच्या चित्रांत तर गोष्टच नसते. तिथे कुठला संदर्भ वाचायचा?
— एक वाचक, पणजी

उत्तर : गोष्टीचा नाही, कृतीचा. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणत नसत आणि बहुतेक चित्रांना नावही देत नसत. कॅनव्हासवर रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. हे ठाऊक असलं की नजर आकार शोधायचं सोडून थर शोधू लागते. छापील चित्रात थर सपाट होतात, मूळ चित्रासमोरच उभं राहायला हवं. आधी समोरून बघा, मग बाजूला सरकून तिरपा उजेड पडेल तिथून.