कंत्राटदाराकडे नोकरी धरायची, तर कुणाच्या हाताखाली?

मिरजेहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाला. सांगली-कोल्हापूर भागात उच्चदाब लाइन टाकणं, डीपी उभारणं, कारखान्यांचं वायरिंग करणं अशी कामं घेणाऱ्या एका कंपनीने तिला 'एस्टिमेट आणि बिलिंग'साठी बोलावलं आहे. मुलीला साइटवर जायचं आहे. नातेवाईक म्हणतात, ठेकेदाराकडे कसलं आलंय भविष्य, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. आईचा प्रश्न असा: "अशा कंपनीत मालक सोडला तर असतं तरी कोण? आणि माझी मुलगी तिथे पुढे कोण होणार?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक पालक पगार विचारतात आणि थांबतात. विजेच्या ठेक्याची कंपनी बाहेरून मालकाच्या नावाने ओळखली जाते, पण ती चालते पाच-सहा जणांच्या जिवावर. मुलीने ही नोकरी धरावी की नाही, याचं उत्तर त्या पाच-सहा जणांत आहे.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे परवानाधारक सुपरवायझर. विजेची उभारणी परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायची, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली करायची आणि प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनने करायचं, असं कायदा सांगतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत हे होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा नियमांतही आहे. म्हणजे पाटीवर नाव कुणाचंही असो, 'हे काम सुरक्षित आहे' असं लिहून सही करणारा माणूस वेगळा असतो. अर्थिंग नीट झालंय का, मेगरवर, म्हणजे तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्रावर, इन्सुलेशनचं रीडिंग काय आलं, केबल पेटीत शिरते तिथे ती घट्ट धरणारे ग्लँड बसवलेत का, हे त्याने स्वतः बघितलेलं असतं. उच्चदाबाच्या कामाची तपासणी करायला विद्युत निरीक्षक येतात, तेव्हा उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. तुमची मुलगी पुढे कोण होणार, याचं माझं उत्तर हेच आहे. डिप्लोमा आणि ठरावीक अनुभव यांवर हे प्रमाणपत्र तिला मिळू शकतं. अनुभवाची आजची अट काय आहे, ते विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन तिने स्वतः विचारून यावं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. या व्यवसायात प्रमाणपत्र 'लावून ठेवायची' वाईट पद्धत आहे. माणूस दुसरीकडे नोकरी करतो, त्याचा कागद मात्र ठेकेदाराच्या फाइलमध्ये असतो आणि त्याबद्दल दर महिन्याला काही रक्कम हातात पडते. घरबसल्या पैसे मिळतात असं वाटतं. पण ज्या साइटचं तोंडही पाहिलं नाही, तिथे एखाद्या मजुराला शॉक बसला तर चौकशीत नाव त्या कागदावरचं येतं. मुलीला असं कुणी विचारलं तर घरातल्या कुणीही 'काय हरकत आहे' म्हणू नका.

दुसरा माणूस लाइनचा मुकादम, काही ठिकाणी त्याला फोरमन म्हणतात. शिक्षण आयटीआय किंवा त्याहून कमी, पण गँग त्याच्या शब्दावर खांबावर चढते आणि उतरते. चालू फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाइनला, नवीन लाइन जोडायची असेल तर आधी उपकेंद्रातून लेखी परमिट, म्हणजे पुरवठा बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यावं लागतं. पुरवठा बंद झाला म्हणून लगेच तारेला हात लावायचा नसतो. तार मेलीय का, म्हणजे तिच्यातली वीज खरंच गेलीय का, ते तपासायचं, उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावायचा आणि काम चाललंय त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं. कारण एखाद्या बंगल्यात किंवा हॉटेलात चुकीचा जोडलेला जनरेटर सुरू झाला, तर बंद लाइनमध्ये उलट्या बाजूने वीज येते. ज्याच्या नावावर परमिट, त्यानेच सगळी माणसं खाली मोजून ते परत करायचं. 'पाच मिनिटांचं काम आहे, कशाला परमिट' असं ज्या मुकादमाच्या तोंडून एकदाही येत नाही, त्याच्या हाताखाली तुमच्या मुलीने एक पावसाळा काढावा असं मला मनापासून वाटतं. २०१९ च्या महापुरात तुमच्याच भागातली उपकेंद्रं पाण्यात गेली होती. पाणी ओसरल्यावर गावं पुन्हा उजळली, त्यात महावितरणच्या कर्मचाऱ्यांबरोबर अशा गँगचेही हात होते. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, म्हणून इथे सांगतो.

आता तिला देऊ केलेलं काम. एस्टिमेट करणारा माणूस टेंडरचा बीओक्यू, म्हणजे लागणाऱ्या माल-मजुरीची यादी, वाचून भाव भरतो: किती मीटर केबल, किती खांब, किती अर्थिंग पिट, किती मजुरी. भाव जास्त झाला तर काम हातचं जातं आणि कमी भरला तर काम मिळूनही कंपनी बुडते. हा भाव खुर्चीत बसून येत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत खड्डा पटकन होतो, पण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो, म्हणून तिथे काँक्रीटचा खर्च धरावा लागतो. जतकडे कातळ लागला की खड्ड्यासाठी खडक फोडायचा ब्रेकर आणावा लागतो आणि अर्थिंगचं रीडिंगही सहज खाली येत नाही. दोन्हीकडे खोदाईचा दर एकच लिहिणारी मुलगी हुशार असूनही कंपनीला तोट्यात घालेल. तेव्हा मुलीचा साइटचा हट्ट बरोबर आहे. तो हौस म्हणून सोडून देऊ नका. तिने मालकांना सरळ सांगावं: पहिलं किमान वर्ष सुपरवायझरसोबत साइटवर, मग एस्टिमेटच्या टेबलावर.

बिलिंगचंही तसंच. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, जे चढतं त्याचेच पैसे मिळतात. खंदक बुजवायच्या आधी केबलची लांबी मोजून सही घेतली नाही, तर नंतर वाद घालून उपयोग नसतो. बाकी स्टोअरकीपर असतो, ड्रममधून किती केबल गेली आणि भंगार किती परत आलं याचा हिशेब त्याच्याकडे. महावितरणच्या उपविभागात फाइलचा पाठपुरावा करणारा एक माणूस असतो. ग्राहक स्वखर्चाने लाइन टाकून घेतो आणि महावितरणला फक्त देखरेखीचा आकार भरतो, ती '१.३ टक्के सुपरव्हिजन'ची कामं बहुतेक त्याच्या पायपिटीवर पुढे सरकतात. या दोघांशी ओळख ठेवली की मुलगी खूप शिकेल, पण तिचं घर तिथे नाही.

नातेवाइकांची भीती पूर्ण खोटी नाही. सरकारी बिलं रखडतात, अनामत रक्कम अडकून पडते आणि त्याची झळ पगाराला बसते. म्हणून कंपनीतल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, गेल्या वर्षी पगार किती वेळा लांबला, पीएफ कापून तो खरंच भरला जातो का. मुलगी म्हणून आणखी काही विचारावं लागेल आणि ते विचारताना संकोच नको: साइटवर स्वच्छतागृह आहे का, रात्री शटडाउनचं काम निघालं तर ने-आण कोण करणार, तिच्या मापाचे बूट, हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट कंपनी देणार का. 'बघू' असं उत्तर आलं तर ते नाही असंच समजा.

बँकेच्या परीक्षेला माझा विरोध नाही. पण तीन वर्षं जी विद्या शिकली, तिला हात लावून न बघताच ती सोडून देणं मला पटत नाही. मुलीला महावितरणची भरती द्यायची झाली तरी साइटवरचं हे वर्ष वाया जाणार नाही. सौरपंप आणि छतावरच्या सौरऊर्जेच्या योजनांमुळे गावोगाव काम निघालं आहे, आणि देखरेख करून सही करणारी माणसं त्यालाही लागतात.

मुलाखतीला जाताना तुम्ही कंपनीच्या दारापर्यंत सोबत जा, आत तिला एकटीला जाऊ द्या. तिने दोन माणसांना भेटू द्या म्हणावं, सुपरवायझरला आणि मुकादमाला. सुपरवायझर 'आज नाहीत, कधी कधी येतात' असं कळलं, तर ती नोकरी घेऊ नये. ते भेटले, तर सध्या चालू असलेली एखादी साइट दाखवा म्हणावं. नेमणूकपत्रात तिचं काम, साइटचा काळ आणि अनुभवाचा दाखला कोण देणार हे लिहून घ्यावं. पुढे प्रमाणपत्र मिळेल तेव्हा मूळ कागद तिच्याच कपाटात राहू दे. कंपनी सोडताना आपलं नाव त्यांच्या परवान्यावरून कमी झाल्याची लेखी पोच विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून तिने घेतलीच पाहिजे.