ॲप्टने काढलेले अपाचे पुन्हा टाकल्यावर सुरू का होत नाही?

आपण उबुंटू या लिनक्स प्रणालीवर, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्टची रिमूव्ह ही कमांड वापरून अपाचे हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर काढले, ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधील अपाचेचा उरलेला फोल्डर हाताने पुसला आणि मग अपाचे पुन्हा इन्स्टॉल केले, तर कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, सापडत नसल्याची तक्रार करून ते बंद पडते, असा आपला प्रश्न आहे. याच कारणापायी मीही एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे, आणि दोष अपाचेचा नव्हता.

ॲप्ट हवे ते पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा बसवण्याजोगा गठ्ठा, शोधते, त्याला लागणारी इतर पॅकेजेस जमवते आणि डाउनलोड करते. प्रत्यक्ष बसवण्याचे व काढण्याचे काम मात्र त्याच्याखालचे डीपीकेजी करते. हे डीपीकेजी प्रत्येक पॅकेजच्या कॉन्फिग फाइलींची नोंद वेगळी ठेवते, कारण त्या फाइलींत आपण बदल केलेले असू शकतात आणि ते बदल परस्पर नष्ट करणे त्याला मान्य नाही. म्हणूनच रिमूव्ह केल्यावर प्रोग्राम जातो, पण कॉन्फिग फाइली आणि त्यांची नोंद मागे राहते. त्या अवस्थेत डीपीकेजीची यादी पाहिली असती, तर अपाचेच्या ओळीच्या सुरुवातीला आर आणि सी ही दोन अक्षरे दिसली असती; पॅकेज काढले आहे, कॉन्फिग शिल्लक आहे, असा त्यांचा अर्थ.

नोंद तशीच असताना आपण फाइली हाताने पुसल्या. पुन्हा इन्स्टॉल करताना डीपीकेजीने नोंद पाहिली, फाइली जागेवर नाहीत हे पाहिले, आणि मालकाने त्या जाणूनबुजून काढल्या असाव्यात असे मानून नव्याने ठेवल्याच नाहीत. वागणे थोडे हट्टी वाटते खरे, परंतु सर्व्हर सांभाळणाऱ्याने मुद्दाम पुसलेली फाइल प्रत्येक अपग्रेडला परत उगवली असती, तर ते अधिक त्रासाचे झाले असते.

उपाय सोपा आहे. आधी ‘सुडो ॲप्ट पर्ज अपाचे२’ चालवावे (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), म्हणजे पॅकेजबरोबर कॉन्फिगची नोंदही पुसली जाते, आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाचे२’ केल्यास सर्व फाइली मूळ रूपात येतात. पुढेही एखादे पॅकेज मुळासकट काढायचे असेल, तर ईटीसीमध्ये हाताने पुसापुशी न करता पर्जच वापरावे. मात्र आपल्या होम फोल्डरमधील लपलेल्या सेटिंग फाइलींना पर्जही हात लावत नाही. त्या नको असतील, तर स्वतःच काढाव्या लागतात.

इतर पॅकेजेससाठी म्हणून आलेली, पण आता कोणालाच न लागणारी पॅकेजेस ॲप्टच्या ऑटोरिमूव्ह या कमांडने जातात. त्यांतले एखादे आपण स्वतः वापरत असाल, तर आधी ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ आणि त्यापुढे पॅकेजचे नाव देऊन ते राखून ठेवावे.

होय म्हणण्यापूर्वी ॲप्ट जी यादी दाखवते, ती वाचण्याचा आळस मात्र करू नये. २०२१ मध्ये पॉप ओएस या उबुंटूवर आधारित प्रणालीवर स्टीम हे गेम्सचे ॲप इन्स्टॉल करताना पॅकेजांच्या गोंधळामुळे डेस्कटॉपच काढला जात होता, आणि तसे त्या यादीत स्पष्ट लिहून येत होते. शंका असल्यास कमांडला ‘उणे एस’ जोडावे. मग ॲप्ट काय काय करणार ते फक्त सांगते, करत काहीच नाही. आणि एंटर आधीच दाबला गेला असेल, तर कोणत्या दिवशी काय बसले व काय निघाले, हे व्हार या फोल्डरमधील लॉग फोल्डरात ॲप्टच्या हिस्टरी फाइलीत सापडते.