कुत्रा गॅलरीत, घरचे गुहागरला

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात चार दिवस गुहागरला गेलो होतो. बोर्डिंगमध्ये जागा मिळाली नाही, म्हणून आमचा लॅब्रॅडॉर ब्रुनो घरीच ठेवला. कामाच्या मावशींना किल्ली आणि आठशे रुपये दिले. दोन्ही वेळ येऊन खाणं-पाणी करायचं ठरलं. मावशी कुत्र्याला घाबरतात, म्हणून त्याला गॅलरीत साखळीनं बांधलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आजारी पडला, त्या आल्या नाहीत. आमच्या फोनला रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांनी फायर ब्रिगेड बोलावून ब्रुनोला बाहेर काढलं आणि एका प्राणिमित्र संस्थेकडे दिलं. त्याला उष्माघात झाला होता, आता बरा आहे. संस्था म्हणते, उपचाराचे साडेसहा हजार भरा, पण कुत्रा परत मिळणार नाही. शेजाऱ्यांनी पोलिसांत अर्ज दिलाय, त्यात पाच वर्षं शिक्षेचं कलम लिहिलंय. सोसायटीची नोटीस आहे की कुत्रा कायमचा हलवा. शेजाऱ्यांवर घरात घुसल्याचा गुन्हा दाखल करता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, आणि तसा विचारही मनातून काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गृहअतिक्रमण ठरायला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. तहानेनं व्याकूळ झालेलं जनावर बाहेर काढणाऱ्याचा असा हेतू होता हे तुम्ही कोणाला पटवणार? शिवाय मोठं नुकसान टाळण्यासाठी सद्हेतूनं केलेल्या कृतीला कलम 19 चं संरक्षण आहे. असा अर्ज देऊन तुम्ही फक्त एवढंच कराल की शेजारी साक्षीला आणखी उत्साहानं उभे राहतील.

आता तुमच्यावरच्या आरोपाचं. पाच वर्षांचं कलम म्हणजे संहितेचं 325. ते प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी किंवा निकामी करणं यासाठी आहे आणि त्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. ब्रुनो बरा झालाय. माझ्या मते हे कलम इथे टिकणारं नाही. शेजाऱ्यांनी रागाच्या भरात लिहिलेलं दिसतं. पोलिसांनी ते लावलंच, तर गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येणारा, असला तरी जामीनपात्र आहे.

खरी अडचण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची आहे. त्याच्या कलम 11 मध्ये मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. अवाजवी आखूड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे. तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवरचा जो फोटो पाठवलात, तो मी मोठा करून पाहिला. साखळी कठड्याच्या गजाला, जेमतेम दोन हात. पाण्याचं घमेलं पालथं पडलेलं, तेही साखळी पोचणार नाही अशा जागी. फरशीवर थेट ऊन, फोटोवर वेळ 2:40. डोंबिवलीत मे महिन्यातलं दुपारचं ऊन काय असतं हे कल्याणच्या न्यायाधीशांना साक्षीपुरावा लावून सांगावं लागणार नाही.

तुमचा बचाव असा की व्यवस्था केली होती, मावशी आल्या नाहीत. एवढ्यावर भागत नाही. खाण्यापाण्याची जबाबदारी कायदा नाव घेऊन मालकावर टाकतो, आणि कलम 11(2) म्हणतं की असं काही होऊ नये म्हणून वाजवी काळजी आणि देखरेख केली नाही, तर मालकानंच गुन्हा केला असं मानलं जाईल. प्रश्न हा येणार की मावशी आल्या नाहीत तर कोण, हे तुम्ही ठरवलं होतं का? दुसरी किल्ली कोणाकडे होती? गुहागरला रेंज नव्हती, मग हॉटेलचा लँडलाइन नंबर मावशींना दिला होता का? आणि जी बाई कुत्र्याला घाबरते तिच्यावरच कुत्रा सोपवला, हा मुद्दा समोरचा वकील सोडणार नाही. पालथं घमेलं सरळ करायला जवळ जावं लागतं हो.

मावशींवर खापर फोडू नका. चूक-बरोबर बाजूला ठेवा, पण तुमच्या बाजूच्या एकमेव साक्षीदार त्याच आहेत. त्यांनी तुम्हाला लावलेल्या फोनची नोंद, मुलाच्या दवाखान्याचा कागद, आठशे रुपये ऑनलाइन दिले असतील तर त्याचा पुरावा, हे सगळं आत्ताच जमवा.

शिक्षा ऐकून तुम्हाला हसू येईल. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. आकडे फार जुने आहेत. पण ‘पन्नास भरून मोकळे होऊ’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. दोष सिद्ध झाला आणि पुढेही प्राण्याचे हाल होतील असं पुराव्यावरून दिसलं, तर कलम 29 खाली न्यायालय प्राणी काढून घेऊ शकतं. कबुलीजबाब देऊन तुम्ही संस्थेच्या हाती आयतं कोलीत द्याल.

1960 च्या कायद्याखालचा हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतील. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. घटनेपासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला भरता येत नाही, पण त्या भरवशावर बसू नका. तुम्हाला कुत्रा हवाय, नुसता खटला टळून उपयोग नाही.

म्हणून आता ताबा. पोलीस ठाण्यात जाऊन एकच गोष्ट विचारा : ब्रुनोला पंचनामा करून जप्त केलंय का? केलं नसेल, तर संस्थेला तो ठेवून घ्यायचा स्वतंत्र अधिकार नाही. कोणाकडून तरी जनावर आलं म्हणजे मालकी बदलत नाही. जप्ती झाली असेल, तर 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत प्राणी कोणाकडे राहील हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आणि खर्च मालकाच्या माथी येतो. अशा वेळी कल्याण न्यायालयात ताब्यासाठी अर्ज करावा लागेल.

साडेसहा हजार मात्र भरा. बिलं मागा, ती खरी असतील तर घासाघीस नको. तुमच्यासाठी कोणी कायदेशीरपणे, फुकट करायचा इरादा नसताना काही केलं आणि त्याचा लाभ तुम्हाला झाला, तर भरपाई द्यावी लागते. करार कायद्याचं कलम 70 तेच सांगतं. पैसे चेकनं द्या आणि सोबतच्या पत्रात लिहा की ही रक्कम उपचारखर्चापोटी आहे, गुन्ह्याची कबुली नव्हे. त्याच पत्रात ब्रुनोला भेटायची परवानगी मागा. मालक भेटायला आला आणि कुत्र्यानं शेपटी हलवत उडी मारली, हे संस्थेच्या माणसांनी स्वतः पाहिलेलं बरं.

सोसायटीच्या नोटिशीला घाबरू नका. पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. केरळ उच्च न्यायालयानंही 2021 मध्ये असे नियम बेकायदा ठरवले. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी दाखवता येतो. मात्र दोन रात्री इमारत भुंकण्यानं जागी होती, ही सोसायटीची तक्रार रास्त आहे. उत्तर माझ्यासारख्या वकिलाकडून न देता स्वतःच्या सहीनं द्या. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद जोडा. परवान्याचं नूतनीकरण राहिलं असेल, तर ते आधी करून घ्या. आणि गावाला जाताना ब्रुनो ज्यांच्याकडे राहील अशा दोघांची नावं त्यांच्या संमतीनं लिहून द्या. यात अर्ज देणारे ते शेजारी तयार झाले, तर पोलिसांतला अर्जही पुढे रेटला जाणार नाही अशी शक्यता आहे. त्यांच्याकडे पेढे घेऊन मनधरणीला जाण्यापूर्वी ब्रुनोला सोडवल्याबद्दल त्यांचे आभार मानलेत का, एवढं एकदा घरी विचारा.