सरावात ६१५, मॅचमध्ये ६०५: मुलीचा खरा स्कोअर कोणता?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नववीत आहे, दीड वर्षापासून १० मीटर एअर रायफल करते. सरावात ६१५ मारते (साठ शॉट, प्रत्येकी जास्तीत जास्त १०.९), पण जिल्हा स्पर्धेत ६०७ आले आणि पुण्याला राज्य स्पर्धेत ६०४. सर म्हणतात टॅलेंट आहे, रेंजवरचे एक पालक म्हणतात नवी रायफल घ्या, आणि तुम्हाला भीती आहे की पोरगी दडपणाखाली ढेपाळते. मी नागपुरातच अकरा वर्षं नेमबाजी केली आणि आता सातेक वर्षं मुलांना शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. ती ढेपाळत नाहीये. तिचा स्कोअर ६१५ नाहीच. तो बहुधा ६०७-६०८ आहे, आणि दोन्ही मॅचमध्ये तिने जवळपास तेवढंच मारलं.

६१५ कधी आले, हे तिला विचारा. दीड वर्षात तिने साठ शॉटची पूर्ण मॅच किमान शंभरदा तरी मारली असेल. त्यातली सगळ्यात चांगली मॅच तिच्या लक्षात राहिली, तुमच्या राहिली, सरांच्याही राहिली. आता थोडं गणित. समजा तिची सरासरी एका शॉटला १०.१३ आहे, म्हणजे मॅचला ६०८. आणि समजा एकेक शॉट त्या सरासरीच्या साधारण ०.४५ वर-खाली होतो. साठ शॉटच्या बेरजेत हा चढउतार साठपट होत नाही. तो साठच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे पावणेआठ पट होतो: साडेतीन गुण. याचा अर्थ, तिच्यात काहीही बदल न होता एक दिवस ६११ येतील आणि एक दिवस ६०४. आणि चाळीस मॅच मारल्या तर एखाद्या मॅचला ६१५ सुद्धा येतील, नुसत्या योगायोगाने. तुम्ही तिच्या प्रत्येक मॅचची तुलना त्या एका दिवसाशी करताय. तिला तर वाटत असेल की आपण दर वेळी बाबांना निराश करतो.

हे मी इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः तीन वर्षं यात घालवली. माझ्या वहीत फक्त चांगल्या दिवसांचे स्कोअर असायचे. वाईट दिवशी मी 'आज तब्येत बरी नव्हती' म्हणून पान कोरं सोडायचे. राज्य स्पर्धेत मी माझ्या वहीपेक्षा दरवेळी आठ-दहा गुण कमी मारायचे आणि रडायचे, की मला मॅच झेपत नाही. एका मोठ्या ताईंनी वही मागितली, कोरी पानं मोजली आणि विचारलं, "हे दिवस कुठे गेले?" त्या दिवसापासून मी सगळं लिहायला लागले. सहा महिन्यांनी बघितलं तर माझी मॅचची सरासरी आणि सरावाची सरासरी यांत जेमतेम दीड गुणाचा फरक होता.

दुसरी गोष्ट, सराव आणि मॅच एकाच मापाने मोजली जातात का? मॅचमध्ये पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर, म्हणजे नेम जुळवायचे, न मोजले जाणारे शॉट, मग साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं. साइटर संपले की संपले. सरावात काय होतं? पहिली सिरीज (दहा शॉट) वाईट गेली की मुलं म्हणतात, "ही साइटरमध्ये धरू." मध्ये पाणी, मध्ये गप्पा, आणि चांगल्या सहा सिरीजची बेरीज. तुमच्या रेंजवर कागदी टार्गेट असतील तर आणखी घोळ. नुसत्या डोळ्यांनी दशांश वाचताना सगळ्यांचाच हात सैल होतो. रायफलीत दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ४.५ मिलिमीटरच्या छर्‍याची कड त्याला नुसती टेकली, म्हणजे मध्य अडीच मिलिमीटर लांब असला, की १०.०. तिथून आत प्रत्येक ०.१ साठी पाव मिलिमीटर. तिच्या ६१५ आणि ६०७ मधला फरक एका शॉटमागे तीनदशांश मिलिमीटरच्या आसपास येतो, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढा. तेवढं डोळ्यांनी वाचून त्यावर टॅलेंट ठरवू नका. (पिस्तूलवाल्यांचं वेगळं आहे. त्यांच्या पात्रता फेरीत अजून पूर्णांकच मोजतात, ६०० पैकी.)

मग प्रगती कशावरून ओळखायची? माझ्या मते सगळ्यात खरं माप म्हणजे कॉल. ट्रिगर सुटला त्या क्षणी, मॉनिटरकडे न बघता, शॉट कुठे गेला हे सांगायचं, घड्याळाच्या आकड्याने: तीनला म्हणजे उजवीकडे. मागच्या मे महिन्यातली सकाळ सांगते. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे, साडेसहालाच हॉलमध्ये कूलर सुरू आणि मुलांचे जॅकेट घामाने नरम पडलेले. शेजारशेजारच्या लेनवर दोन मुलं. पहिल्याने शॉट मारला आणि गाल स्टॉकवरच ठेवला. मी मनात 'एक, दोन' मोजलं तरी डोळा साइटमधून हलला नाही. मग हळूच म्हणाला, "तीनला. नऊ पॉइंट चार." मान वळवून बघितलं, मॉनिटरवर ९.३, बरोबर तीनच्या दिशेला. काही न बोलता वहीत लिहिलं आणि पुढचा छर्रा भरला. दुसर्‍याचा आला १०.८. त्याची मान ट्रिगरसोबतच वर आली होती. माझ्याकडे बघून हसला. मी विचारलं, "कसा लागला?" तर म्हणे, "माहीत नाही मॅडम, लागला."

मी त्या दिवशी ९.३ वाल्याच्या पाठीवर थाप दिली. ज्याला आपला शॉट बिघडताना दिसतो, त्याला तो दुरुस्त करता येतो. ज्याला फक्त मॉनिटर सांगतो, तो नशिबाने आलेल्या शॉटवर साइटचे क्लिक फिरवून नेम सरकवत बसतो आणि मधला ग्रुपसुद्धा, म्हणजे एकत्र पडणार्‍या छर्‍यांचा पुंजका, घालवतो. तुमच्या मुलीला रोज एक सिरीज कॉलसह मारायला सांगा, दहापैकी किती कॉल दिशेने बरोबर आले ते लिहायला सांगा. महिनाभरात स्कोअर जागचा हलला नाही पण कॉल चारवरून सातवर गेले, तर सराव मुरतोय असं खुशाल समजा.

टॅलेंटबद्दल. पहिल्या वर्षी छान ग्रुप पडतो तो पुष्कळदा अंगकाठीचा आणि नीट बसलेल्या जॅकेटचा असतो. मी वेगळंच बघते. नऊचा शॉट लागल्यानंतरचा पुढचा शॉट कसा जातो? तिच्या वहीतून नऊच्या घरातले सगळे शॉट शोधा, त्यांच्या लगेच नंतरच्या शॉटची सरासरी काढा. ती एकूण सरासरीएवढीच आली, तर पोरीचं डोकं नेमबाजीचं आहे. खूप खाली आली, तर ती रागात मारते किंवा घाईत, आणि ते शिकवता येतं. शिवाय, रेंज बंद असताना घरी कोर्‍या भिंतीसमोर वीस मिनिटं ड्राय, म्हणजे छर्रा न भरता सराव, करते का, कोणी न सांगता? हे बघा.

आणि दीड वर्षात निकाल मागू नका. आपला नेमबाज स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि त्याचं पहिलं ऑलिंपिक आलं २०२४ ला, पॅरिसला. तिथेही पात्रता फेरीत ५९० मारून तो सातवा होता (त्या प्रकारात पूर्णांकच मोजतात, ६०० पैकी). पण अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते, आणि ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ४५१.४ वर त्याने कांस्य नेलं. फक्त पात्रता फेरीचा तक्ता बघणार्‍याने त्याला पदकात धरलंच नसतं.

एका मॅचवरून माणूस मोजता येत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला अमेरिकेचा रायफल नेमबाज मॅथ्यू एमन्स वाटतो. २००४, अथेन्स. थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये तो तीन गुणांनी पुढे होता आणि शेवटचा शॉट त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. शून्य गुण, थेट आठवा. २००८ ला बीजिंगमध्ये याच प्रकारात पुन्हा आघाडीवर, आणि शेवटच्या शॉटला ४.४, म्हणून चौथा. तोच माणूस प्रोनमध्ये (झोपून मारायच्या प्रकारात) अथेन्सचा सुवर्णविजेता आणि बीजिंगचा रौप्यविजेता आहे, आणि २०१२ ला लंडनमध्ये त्याने थ्री पोझिशनचं कांस्यही घेतलं. दडपण त्याच्यावरही आलंच असेल. पण त्या दोन शॉटवरून त्याला कच्चा म्हणणं किती चुकीचं ठरलं असतं!

तुमच्या मुलीच्या राज्य स्पर्धेत मी ६०४ पेक्षा वेगळ्या गोष्टी विचारीन. आदली रात्र गाडीत गेली का? नागपूरहून पुण्याला रात्रभर प्रवास करून सकाळी लेनवर उभं राहिलं की पाय जड असतात, ते पहिल्या दोन सिरीजमध्ये दिसतं. सिरीजवार आकडे काढा. पहिली वीस वाईट आणि पुढची चाळीस नेहमीसारखी असतील, तर एक दिवस आधी जा, एवढाच उपाय. शेवटची वीस वाईट असतील तर दमसास कमी आहे. आणि मॅच किती मिनिटांत संपवली? सरावात तासभर लागणारी मुलगी मॅच चाळीस मिनिटांत उरकत असेल, तर दुखणं तिथे आहे.

रायफल आत्ता घेऊ नका. आधी तिची रायफल शिकंज्यात बसवून दहा छर्रे मारून घ्या. सगळे एकाच भोकात गेले तर रायफल निर्दोष आहे. नव्या रायफलीच्या पैशात छर्र्यांचे वेगवेगळे बॅच तपासून बघता येतात आणि पुण्याचे प्रवासही निघतात.

पुढचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा पूर्ण मॅच, घड्याळ लावून, साइटर संपले की संपले या नियमाने. तुम्ही मागे बसू नका, आणि घरी आल्यावर 'किती आले?' ऐवजी 'कॉल किती बरोबर आले?' विचारा. मग ते आठही स्कोअर इथे टाका, सिरीजवार, एकही न गाळता. त्यांची सरासरी आणि त्या दोन मॅच शेजारी ठेवून बघू.