माद्रिदच्या 'बोतीन'मध्ये एकदाच जेवायचं असेल तर काय मागवावं? आधी टेबल राखून ठेवावं लागतं का?

'कोचिनिय्यो आसादो', म्हणजे डुकराच्या दूधपित्या पिल्लाचं भाजलेलं मांस मागवा, आणि टेबल आधीच राखून ठेवा. १७२५ पासून चालू असलेलं 'सोब्रिनो दे बोतीन' गिनीजच्या नोंदीनुसार जगातलं सर्वात जुनं रेस्टॉरंट आहे. माद्रिदच्या मुख्य चौकाच्या, प्लासा मायोरच्या, अगदी जवळ असल्यामुळे तिथे पर्यटकांची सतत गर्दी असते. पण हा पदार्थ निवडायचं कारण केवळ प्रसिद्धी नाही. लाकडांवर चालणाऱ्या जुन्या भट्टीत भाजणं ही तिथली खरी कला आहे. वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत होते आणि आतलं मांस इतकं मऊ राहतं की काट्यानेच सुटतं. डुकराचं मांस चालत नसेल तर त्याच भट्टीतलं कोकराचं मांस, 'कोर्देरो आसादो', घ्या. पाएल्यासाठी, म्हणजे स्पेनच्या प्रसिद्ध भातासाठी, मात्र इथे येऊ नका. तो पूर्व किनाऱ्यावरच्या वॅलेन्सियाकडचा पदार्थ, ही खानावळ कॅस्टिलियन, म्हणजे मध्य स्पेनच्या पद्धतीची.

शक्य असेल तर तळघरातलं टेबल मागा, विटांच्या कमानींखाली बसून जेवण्याची मजा वेगळीच. वेळेचंही लक्षात ठेवा: स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचं नऊनंतर होतं, त्यामुळे एक वाजता किंवा रात्री आठला गेलात तर जरा निवांत जेवता येतं.

पूर्ण शाकाहारी असाल तर इथे फारसं काही मिळणार नाही. लसणाच्या सूपातही अंडं असतं, शिवाय स्पेनमध्ये त्यात बऱ्याचदा हॅमही (खारवलेलं डुकराचं मांस) घालतात, तेव्हा विचारूनच मागवा.