एडिसनची खोली सोडायची का?

प्रश्न : मी मूळची सांगलीची, अमेरिकेत ट्रॅव्हल फिजिओथेरपिस्ट आहे. 2025मध्ये कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड, इलिनॉयमधलं पिओरिया आणि टेक्सासमधलं ह्यूस्टन अशा तेरा-तेरा आठवड्यांच्या तीन असाइनमेंट्स केल्या. पगार तासाला 28 डॉलर, वर राहण्या-जेवणाचा आठवड्याला 1,100 डॉलर स्टायपेंड. स्टायपेंडवर टॅक्स कापत नाहीत. न्यू जर्सीत एडिसनला 850 डॉलर भाड्याची खोली आहे, पण वर्षाचे जेमतेम तीन महिने मी तिथे असते. टेक्सासमधल्या प्लेनोला राहणारा दादा म्हणतो, खोली सोड, आमचा पत्ता लाव, टेक्सासला स्टेट टॅक्सच नाही. सोडू का?

उत्तर : सध्या सोडू नका. दादाचं म्हणणं मायेपोटी आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट सुटली आहे.

आधी स्टेट टॅक्स. पगारावर पहिला हक्क जिथे काम केलं त्या राज्याचा. तुम्ही एडिसनला राहा की प्लेनोला, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय आपापला वाटा घेणारच. न्यू जर्सी तुमचं घरचं राज्य म्हणून सगळ्या पगारावर टॅक्स लावतं, पण बाहेर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट, देतं. त्या उत्पन्नावर न्यू जर्सीचा जेवढा टॅक्स होतो, तेवढीच या क्रेडिटची मर्यादा. तुमच्या 43,680 डॉलर पगारावर (39 आठवडे, आठवड्याला 40 तास धरून) मी हिशेब केला, तर न्यू जर्सीला शेवटी जातात साधारण 325 डॉलर, तेही मुख्यतः ह्यूस्टनच्या पगारावर. म्हणजे दादाच्या युक्तीने वाचणार ते एवढेच, शिवाय भाड्याचे 10,200. आणि टेक्सासला खरोखर घर मांडल्याशिवाय न्यू जर्सी तुम्हाला सोडेल असं धरू नका. नुसत्या पत्त्याने डोमिसाइल, म्हणजे कायद्याच्या लेखी कायमचं घर, बदलत नाही.

आता सुटलेली गोष्ट. तुमचा स्टायपेंड करमुक्त आहे, कारण तुम्ही घर चालवताय आणि कामाच्या गावीही दुसरा खर्च करताय. खोली सोडली आणि कायमचं कामाचं ठिकाणही नसलं, तर आयआरएसच्या, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याच्या, लेखी तुम्ही फिरस्त्या. तुमचं घर तुमच्याबरोबर फिरतं, त्यामुळे 'घरापासून दूर' राहण्याचा प्रश्नच उरत नाही. मग 39 आठवड्यांचा स्टायपेंड, म्हणजे 42,900 डॉलर, पगारात धरला जातो. त्यावर फेडरल टॅक्स सुमारे 7,400, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर 3,300, इलिनॉय 700 आणि कॅलिफोर्निया 1,050. कॅलिफोर्निया दर ठरवताना तुमचं साऱ्या राज्यांतलं उत्पन्न बघतं, म्हणून तिथला बोजा वाटतो त्याहून जास्त पडतो. एकूण साडेबारा हजारांच्या आसपास. वाचणार 10,500, जाणार 12,400.

फरक फार मोठा नाही, हे मान्य. खोलीचं भाडं हजाराच्या वर गेलं, तर हिशेब उलटतो. तेव्हा खोली सोडून, तुम्हाला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीला तसं सांगणं आणि स्टायपेंडवर टॅक्स भरणं हाही सरळ मार्ग आहे. त्यात पगार कागदावर मोठा दिसतो, सोशल सिक्युरिटीत मोजला जातो, पुढे घराचं कर्ज काढताना बँकेला दाखवता येतो. या शेवटच्या मुद्द्याकडे तुमच्या वयाची मुलं दुर्लक्ष करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मधला रस्ता मात्र नको : खोली सोडायची, प्लेनोचा पत्ता द्यायचा आणि स्टायपेंड करमुक्तच घ्यायचा. 'माझं टॅक्स होम, म्हणजे टॅक्सच्या हिशेबातलं घर, अमुक ठिकाणी आहे' असं सांगणाऱ्या एजन्सीच्या फॉर्मवर सही तुमची असते. तपासणी झाली तर मागचा टॅक्स, व्याज आणि वर 20 टक्के दंड तुमच्याकडूनच वसूल होईल, दादाकडून नाही.

खोली ठेवली म्हणून सगळं पक्कं झालं, असंही नाही. आयआरएस तीन गोष्टी बघतं : घराच्या परिसरात थोडं तरी काम करता का, बाहेर असताना घराचा खर्च दुहेरी होतो का, आणि त्या जागेशी नातं टिकून आहे का. दुसरी तुमच्याकडे आहे. पहिलीसाठी दोन असाइनमेंट्सच्या मध्ये एडिसनजवळच्या एखाद्या रिहॅबमध्ये पीआरएन, म्हणजे गरजेपुरत्या बोलावतात तशा, शिफ्ट घ्या, थोड्या का होईना. तिसरीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी आणि डॉक्टर तिथलेच ठेवा. एकाच गावचं काम वर्षाहून जास्त चालणार असं दिसलं, की ते तात्पुरतं राहत नाही आणि स्टायपेंडही करमुक्त राहत नाही. म्हणून बेकर्सफील्डवाले मुदत वाढवत राहिले, तर वेळीच नाही म्हणा.

रिटर्न भरताना डब्ल्यू-2चे, म्हणजे एजन्सीकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगारपत्रकाचे, 15 ते 17 हे राज्यवार पगाराचे रकाने आधी बघा. ह्यूस्टनचा पगार चुकून कॅलिफोर्नियात दाखवलेला असेल, तर एजन्सीकडून दुरुस्त करून घ्या. मग कॅलिफोर्नियाचा (540एनआर) आणि इलिनॉयचा असे दोन्ही नॉन-रेसिडेंट रिटर्न, म्हणजे त्या राज्यात न राहणाऱ्यांचे, तयार करा, आणि न्यू जर्सीचा सगळ्यात शेवटी, कारण क्रेडिटचे आकडे त्या दोघांतूनच येतात.

आणि घरमालकाला भाडं रोख देत असाल, तर या महिन्यापासून चेकने द्या.